कुलाब्याची सुई व अवकाशांतील वीज

सोलापूर शहरांतून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जी औद्योगिक वसाहत आहे, तींत चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग चालतात. सोलापूरचा उन्हाळा कोरडा. हवेंतील दमटपणा नाहींसा झाला म्हणजे सुताशीं काम करणाऱ्यांना एका जुन्या त्रासाची ओळख नव्यानें करून घ्यावी लागते. सूत वाजवीपेक्षां अधिक फुलतें, धाग्यांवरील तंतु ताठ उभे राहतात, शेजारशेजारचे धागे एकमेकांना दूर लोटतात किंवा नको तेथें चिकटून बसतात, आणि सूत पॉलिएस्टरचें असेल तर लोखंडाला हात लागतांच बोटाला चटका बसतो. घर्षणानें सुतावर वीज सांचते व तिला जावयास वाट मिळत नाहीं, एवढेंच याचें कारण. उपायहि जुनाच आहे. हवेंत पाण्याचा फवारा सोडून दमटपणा राखावयाचा आणि यंत्राचा सांगाडा तारेनें जमिनीला जोडून द्यावयाचा. पृथ्वी एवढी मोठी आहे कीं, असली कितीहि वीज तिनें गिळली तरी तिला तिचा पत्ता लागत नाहीं.

आतां जेथें हवा नाहीं, दमटपणा नाहीं आणि तार जोडावयास पायांखालीं जमीनहि नाहीं, अशा ठिकाणीं एखाद्या वस्तूवर वीज सांचूं लागली तर काय व्हावें? हा प्रश्न नुसत्या कल्पनेचा नाहीं. गेलीं पन्नासांहून अधिक वर्षें उपग्रह बांधणाऱ्या इंजिनिअरांना त्यानें सतावलें आहे. या प्रश्नाच्या इतिहासाचें एक टोंक अक्कलकोट रस्त्याच्या पुढच्या मुलखांत व दुसरें मुंबईच्या कुलाब्यास सांपडतें, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत नसते.

अक्कलकोटावरून पुढें गेलें कीं महाराष्ट्राची हद्द संपते व तेव्हांचा गुलबर्गा जिल्हा लागतो. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर या जिल्ह्यांतील, तसेंच शेजारच्या विजापूर व रायचूर जिल्ह्यांतील निवडक खेड्यांत एक नवलाई चालली होती. जेथें वर्तमानपत्रहि क्वचित् पोंचे, तेथें तारेच्या जाळीची मोठी छत्री आकाशाकडे तोंड करून उभी केलेली असे व तिच्या आधारानें सामायिक दूरदर्शन-संचावर शेतीचे, आरोग्याचे व शाळेंतील मुलांचे कार्यक्रम दिसत. सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेडीं या प्रयोगांत होतीं. त्याच्या व्यवस्थेची धुरा ज्यांनीं वाहिली त्यांत कोल्हापुरांत जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस हे प्रमुख होते. उपग्रह मात्र अमेरिकेचा होता. एटीएस-६ हें त्याचें नांव. १९७४ च्या मे महिन्यांत तो सोडण्यांत आला आणि या प्रयोगापुरता पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर, भूमीपासून सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर, आणून ठेवण्यांत आला.

गुलबर्ग्याच्या शेतकऱ्याला त्या उपग्रहाचें एकच काम ठाऊक होतें. परंतु त्याच उपग्रहावर आणखी एक उपकरण होतें व तें अवकाशांतील सूक्ष्म विद्युत्कणांची मोजदाद करीत असे. त्या मोजणींतून असें दिसून आलें कीं, पृथ्वीच्या सावलींत शिरला असतां हा उपग्रह एका प्रसंगीं भोंवतालच्या अवकाशाच्या मानानें उणे १९,००० व्होल्टपर्यंत विद्युद्भारित झाला होता. घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळेल. त्याच्या आधींच्या एटीएस-५ या उपग्रहावरून शर्मन डीफॉरेस्ट या शास्त्रज्ञानें १९७२ सालीं प्रथम असें दाखवून दिलें होतें कीं, सावलींत उपग्रहावर हजारों व्होल्टांचा भार चढतो. तोंपर्यंत अवकाशांतील वस्तूवर कांहीं थोडे व्होल्ट चढत असतील, अशी बहुतेकांची समजूत होती.

हें घडतें कसें, तें समजणें कठीण नाहीं. अवकाश रिकामें आहे असें आपण म्हणतों, पण तें अगदींच रिकामें नाहीं. सूर्याच्या प्रखर उष्णतेनें अणूंचे तुकडे झालेले असतात. ऋण भाराचे इलेक्ट्रॉन एकीकडे व धन भाराचे जड कण दुसरीकडे, अशा स्थितींतील पदार्थाला अर्व्हिंग लँगम्यूर यानें १९२८ सालीं प्लाझ्मा हें नांव दिलें. सूर्यापासून हा प्लाझ्मा वाऱ्यासारखा सतत वाहत असतो व पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या कवचावर आदळत असतो. त्यांतील कांहीं भाग कवचाच्या मागल्या अंगानें, म्हणजे जेथें रात्र असते त्या बाजूनें, आंत शिरतो. हायड्रोजनच्या धन कणापेक्षां इलेक्ट्रॉन सुमारें १,८३६ पटींनीं हलका असल्यामुळें, दोघांच्या अंगीं शक्ति सारखीच असली तरी तो चाळीस पटींहून अधिक वेगानें धांवतो. म्हणून उपग्रहाच्या अंगावर ठराविक वेळांत आदळणाऱ्या कणांत इलेक्ट्रॉनच फार अधिक असतात, आणि उपग्रह ऋण होत जातो. नवे इलेक्ट्रॉन दूर लोटण्याइतका तो ऋण झाला म्हणजे मगच ही आवक थांबते. सोलापूरच्या सुतावर वीज घर्षणानें येते, येथें ती बाहेरून कोसळते. एवढा भेद सोडला तर दोहोंचें दुखणें एकच आहे. जमा होते, पण जावयास वाट नाहीं.

सूर्यप्रकाश हा येथें मोठा उपकारकर्ता आहे. त्याच्या किरणांनीं पृष्ठभागांतून इलेक्ट्रॉन बाहेर फेंकले जातात व जमाखर्च बराचसा जुळतो. परंतु उपग्रहाची एक बाजू उन्हांत व दुसरी सावलींत असते. धातूचा भाग असला तर भार सर्वत्र पसरतो. पण उष्णतेपासून रक्षणासाठीं घातलेलें प्लास्टिकचें पांघरूण किंवा सौरपट्टावरील कांच वीज वाहूं देत नाहीं. मग एका तुकड्यावर हजारों व्होल्ट व त्याच्या बोटभर अंतरावरील तुकड्यावर कांहींच नाहीं, अशी विषम स्थिति उत्पन्न होते आणि अखेरीस दोहोंमध्यें ठिणगी उडते. ठिणगी लहान असते, पण तिच्या गोंगाटानें यंत्राच्या मेंदूला खोटी आज्ञा मिळते, किंवा सौरपट्ट जळतो, किंवा सर्वच अंधार होतो. उपग्रहांवरील असले अपघात मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतच्या भागांत अधिक होतात असें आढळलें, तेंहि सहेतुक होतें. रात्रीच्या बाजूनें आंत आलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीभोंवतीं पूर्वेकडे, म्हणजे पहाटेच्या दिशेनें, वळतात.

१९७३ च्या जून महिन्यांत अमेरिकेचा एक लष्करी संदेशवाहक उपग्रह चुंबकीय खळबळ चालू असतां निकामी झाला व त्याचें खापर याच कारणावर फोडण्यांत आलें. तेव्हांपासून हा विषय प्रयोगशाळेच्या बाहेर पडला. पुढें १९९४ च्या जानेवारींत कॅनडाचे दोन उपग्रह एका दिवसाच्या आंत भान हरपून बसले. त्यांच्या बाबतींत इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर न थांबतां आंत खोलवर मुरले होते, म्हणून तें प्रकरण थोडें निराळें. २०१० च्या एप्रिलमध्यें गॅलक्सी-१५ हा उपग्रह आज्ञा मानीनासा झाला व कित्येक महिने शेजारच्या उपग्रहांच्या जागेवरून स्वैर भटकत राहिला. चुंबकीय वादळाच्या काळांत उडालेली ठिणगी हें त्याचें संभाव्य कारण मानलें गेलें.

उपाय करावयाचा तर शत्रूचें बळ आधीं मोजलें पाहिजे. उपग्रह एकदां वर गेला म्हणजे त्याला दुरुस्तीसाठीं खालीं आणतां येत नाहीं. तेव्हां तो बांधतांनाच ठरवावें लागतें कीं, याला जास्तींत जास्त किती वाईट परिस्थितींतून जावें लागेल. ‘जास्तींत जास्त वाईट’ हे शब्द बोलावयास सोपे आहेत. त्यांना आंकड्यांचें रूप देणें, हेंच या शास्त्रांतील खरें अवघड काम होय. १९७९ सालीं अमेरिकेनें केवळ याच कामासाठीं स्काथा नांवाचा उपग्रह पाठविला. त्याच सुमारास यानाचा आकार, त्यावरील प्रत्येक पदार्थाचा गुण व भोंवतालचा प्लाझ्मा यांवरून कोणत्या भागावर किती भार चढेल हें गणितानें सांगणारी पहिली मोठी गणनापद्धति तयार झाली. एटीएस-५, एटीएस-६ व स्काथा या तीन उपग्रहांच्या नोंदी एकत्र करून १९८४ सालीं अमेरिकन अवकाशसंस्थेनें उपग्रह बांधणाऱ्यांसाठीं एक मार्गदर्शिका छापली. तिच्यांत कठीण परिस्थितीचें जें मान दिलें आहे तें असें: एका घन सेंटिमीटरांत १.१२ इलेक्ट्रॉन व त्यांची उष्णता १२,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. धन कण ०.२३६ व त्यांची उष्णता २९,५०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

हे आंकडे वाचून सामान्य वाचक थक्क होईल. बारा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे सुमारें चौदा कोटी अंश उष्णता! आणि तरीहि त्या उष्णतेनें उपग्रहावरील पाण्याचा एक थेंबहि तापणार नाहीं. कारण ज्या घन सेंटिमीटरांत समुद्रसपाटीच्या हवेचे अब्जावधि अब्ज रेणू असतात, तेथें हा अवघा एक इलेक्ट्रॉन आहे. संख्या नगण्य, पण वेग भयंकर. म्हणून तापविण्याचें सामर्थ्य नाहीं, पण विजेनें भारण्याचें आहे.

मार्गदर्शिकेंतील हे आंकडे आजहि उपयोगांत आहेत व त्यांच्या आधारें बांधलेल्या उपग्रहांनीं चांगली सेवा केली आहे. तथापि त्यांच्या पायांत एक उणीव आहे, व ती गणिताची नसून इतिहासाची आहे. ते आंकडे ज्या नोंदींवरून काढले त्या १९६९ नंतरच्या थोड्या वर्षांच्या आहेत. ज्यानें दहा पावसाळे पाहिले तो नदीच्या महापुराची उंची सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं घाटाच्या पायऱ्यांवर आजोबा-पणजोबांनीं कोरून ठेवलेल्या खुणा पाहाव्या लागतात. अवकाशांतील महापुराच्या अशा खुणा कोणी कोरल्या आहेत काय? उपग्रहांचें युग १९५७ सालीं सुरू झालें, तेव्हां अवकाशांत जाऊन कोणी कोरल्या नाहींत हें उघड आहे. परंतु मुंबईच्या कुलाब्यास, समुद्राच्या कांठीं, एका खोलींत बसून त्या कोरलेल्या आहेत.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ च्या सुमारास बांधली ती तारे पाहण्यासाठीं व बंदरांतील जहाजांना वेळ सांगण्यासाठीं. चुंबकाचें काम तेथें १८४१ पासून सुरू झालें. जर्मनींतील गटिंगेन येथें गाउस व वेबर या दोन पंडितांनीं पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध अनेक ठिकाणीं एकाच वेळीं घेण्याची कल्पना काढली होती. ती इंग्रजांनीं उचलून आपल्या साम्राज्यांत जागोजाग केंद्रें उघडलीं, आणि कंपनीच्या वांट्यास सिमला, मद्रास, सिंगापूर व मुंबई हीं ठिकाणें आलीं. जहाजांच्या होकायंत्रासाठीं हें ज्ञान हवें होतें, हा त्यांतील व्यवहार. मुंबईचें काम एल्फिन्स्टन संस्थेंतील अध्यापक ऑर्लिबार यांच्याकडे सोंपविण्यांत आलें. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं या वेधशाळेचा कारभार कांहीं काळ पाहिला, आणि गणिती म्हणून पुढें नांवाजलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनीं ऐन तारुण्यांत तेथेंच वेध घेण्याचें काम केलें. नव्या विद्येच्या पहिल्या पिढींतील हीं दोन मराठी नांवें या खोलीशीं निगडित आहेत, हें येथें मुद्दाम सांगण्यासारखें आहे; चरित्रांतून त्याचा उल्लेख एका ओळींत उरकला जातो.

त्या खोलींतील काम नाट्यमय मुळींच नव्हतें. बारीक धाग्यांनीं टांगलेला एक चुंबक, त्याला चिकटविलेला लहानसा आरसा, कांहीं अंतरावर एक दुर्बीण व मोजपट्टी. चुंबक किंचित् हलला कीं आरशांतील मोजपट्टीचें प्रतिबिंब सरकावयाचें, व निरीक्षकानें दुर्बिणींतून तो अंक वाचून वहींत लिहावयाचा. असें दर तासाला, दिवसा व रात्रीं, पावसाळ्यांत व उन्हाळ्यांत. सुई अस्वस्थ झाली असें दिसलें कीं वाचनें अधिक जवळजवळ, पंधरा मिनिटांनीं किंवा पांच मिनिटांनींहि, घ्यावयाचीं. वहींतील आंकड्यांतून पुढें काय निघणार आहे, हें लिहिणाऱ्याला ठाऊक नसे, व तें ठाऊक असलेला दुसरा कोणीहि तेव्हां पृथ्वीवर नव्हता.

१ सप्टेंबर १८५९ रोजीं सकाळीं अकरा वाजून गेल्यावर इंग्लंडांतील रेडहिल येथें रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचें चित्र काढीत बसले असतां डागांच्या एका समूहावर दोन ठिकाणीं पांढरें, डोळे दिपविणारें तेज चमकलें व थोड्याच मिनिटांत मावळलें. तेच दृश्य हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेंहि स्वतंत्रपणें पाहिलें. त्यानंतर सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळलें. क्यूबा व हवाई बेटांपर्यंत ध्रुवप्रकाश दिसला. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, आणि अमेरिकेंत बोस्टन-पोर्टलंडच्या तारमास्तरांनीं बॅटऱ्या सोडून देऊन आकाशांतून आलेल्या विजेवरच संदेश पाठविले. युरोपांतील कांहीं वेधशाळांत तेव्हां नवीं स्वयंलेखी यंत्रें बसलेलीं होतीं. चुंबकावरील प्रकाशाचा ठिपका छायाचित्राच्या कागदावर रेघ ओढीत असे. वादळाच्या भरांत तो ठिपका कागदाच्या बाहेर गेला. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेच्या कागदावर ऐन महत्त्वाच्या जागीं रेघ तुटलेली आहे.

कुलाब्यास यंत्र जुनें होतें, पण दुर्बिणीशीं माणूस होता. २ सप्टेंबरच्या सकाळीं आडव्या चुंबकीय जोराचा अंक प्रथम थोडा चढला, मग दुपार होण्यापूर्वीं एकाएकीं कोसळला, आणि फार वेळ न लावतां बराचसा परत वर आला. या सर्व उतारचढावाचे आंकडे ओळीनें लिहिले गेले. लेफ्टनंट फर्ग्युसन हे तेव्हां वेधशाळेचे प्रमुख होते. त्यांनीं सालाबादप्रमाणें त्या वर्षाचा ग्रंथ छापला, त्यांत हे आंकडेहि इतर हजारों आंकड्यांच्या सोबतीनें छापले गेले, आणि ग्रंथ कपाटांत जाऊन बसला. त्या सकाळीं दुर्बिणीला डोळा लावून कोण बसलें होतें, त्याचें नांव प्रसिद्ध नाहीं.

या नोंदी जपण्याचें पुढचें मोठें काम एका मुंबईकर पारशी गृहस्थानें केलें. नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे १८९६ सालीं वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. वादळाच्याच वर्षीं, १८५९ सालीं, त्यांचा जन्म झाला होता. ते पदावर आले आणि थोड्याच वर्षांत मुंबईची ट्राम विजेवर चालविण्याचा बेत ठरला. घोड्यांच्या ट्रामला वैतागलेल्या शहराला याचा आनंद झाला असेल, पण मूस यांना दिसलें कीं, रुळांतून जमिनींत पाझरणाऱ्या विजेनें कुलाब्याची सुई कायमची बहकणार. शहराची प्रगति थांबविणें शक्य नव्हतें व योग्यहि नव्हतें. त्यांनीं समुद्राच्या पलीकडे अलिबाग येथें नवी जागा निवडली आणि इमारतीसाठीं पोरबंदरचा दगड त्यांत चुंबकत्व नाहीं अशी खातरी करून घेऊन आणविला. १९०४ पासून अलिबागचे वेध सुरू झाले. मूस यांचें शहाणपण पुढील गोष्टींत आहे: त्यांनीं कुलाबा लगेच बंद केलें नाहीं. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेऊन त्यांनीं दोहोंतील फरक निश्चित केला, त्यामुळें जुनी मालिका व नवी मालिका एकमेकींना सांधली गेली. विजेची पहिली ट्राम मुंबईंत ७ मे १९०७ रोजीं धांवली. तोंपर्यंत सुई सुखरूप पलीकडे गेलेली होती.

नंतर मूस यांनीं १८४६ पासून १९०५ पर्यंतच्या साठ वर्षांच्या नोंदी पिंजून काढून १९१० सालीं दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. अनेक वादळें एकावर एक ठेवून पाहिलीं असतां त्यांचा एक सामान्य आकार दिसतो. प्रथम थोडी चढती, मग मोठी घसरण, मग सावकाश पूर्ववत् होणें. हा आकार त्यांनीं आंकड्यांनीं दाखविला, व सिडनी चॅपमन या इंग्रज गणितज्ञानें पुढें वादळांची उपपत्ति मांडली तींतहि हीच दिशा आहे. घसरणीचें कारण आतां सर्वमान्य आहे: वादळांत पृथ्वीच्या चुंबकीय कवचांत शिरलेले धन कण पश्चिमेकडे व इलेक्ट्रॉन पूर्वेकडे फिरूं लागतात, त्यांचें मिळून पृथ्वीभोंवतीं विजेचें एक प्रचंड कडें तयार होतें, आणि त्या कड्याच्या चुंबकत्वानें विषुववृत्ताजवळची सुई मंदावते. म्हणजे कुलाब्याची सुई जितकी खालीं गेली, तितका विद्युत्कणांचा लोंढा अवकाशांत मोठा होता. उपग्रहांना भारणाऱ्या कणांचीं तीं भावंडें. एकाच दारानें दोघेंहि आंत येतात.

१९७१ सालीं कुलाबा-अलिबागचा हा वारसा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आला. २००३ सालीं या संस्थेचे गुरबक्ष लखिना व शोभना ॲलेक्स यांनीं, अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी व ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह, कपाटांतील १८५९ चा ग्रंथ जगापुढें आणला. कुलाब्याची घसरण सुमारें १,६०० नॅनोटेस्ला, जुन्या भाषेंत तितकेच गॅमा, होती. म्हणजे तेथील आडव्या जोरांतून शंभरांत चार भाग एका सकाळीं नाहींसे झाले. तुलना करावयाची तर, १३ मार्च १९८९ च्या ज्या वादळानें कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांतील साठ लाख लोक नऊ तास अंधारांत बसले, त्या वादळाचें जगभरच्या वेधशाळांवरून काढलेलें मान उणे ५८९ होतें. २०२४ च्या मे महिन्यांत लडाखमधील हानले येथून तांबडा ध्रुवप्रकाश दिसला. त्या वेळचें मान उणे ४०० च्या आसपास होतें.

शास्त्रांत एवढा मोठा आंकडा कोणी मुकाट्यानें मान्य करीत नाहीं, आणि या बाबतींतहि वाद झाला. एका वेधशाळेचा आंकडा सबंध पृथ्वीचा कसा म्हणावा, हा पहिला आक्षेप. दुसरा असा कीं, नेहमीचें मान तासाच्या सरासरीनें काढतात, आणि कुलाब्याची घसरण व चढण इतकी झपाट्याची आहे कीं, सरासरी घेतल्यास १,६०० चे सुमारें ८५० ते १,००० उरतात. तिसरा आक्षेप अधिक मार्मिक होता. विजेचें कडें एकदां तयार झालें कीं विरावयास दिवस लागतात. मग कुलाब्याची सुई इतक्या लवकर वर कशी आली? कांहींच्या मतें त्या सकाळीं मुंबईच्या माथ्यावर निराळेच विद्युत्प्रवाह, ध्रुवप्रदेशांत एरव्हीं असतात तसले, उतरून आले असावेत. २०२२ सालीं पुन्हां त्याच छापील ग्रंथाकडे वळून आडव्या जोराबरोबरच दिशेच्या व उभ्या जोराच्या नोंदींचाहि अभ्यास प्रसिद्ध झाला. वाद अद्याप पुरता मिटलेला नाहीं; परंतु वाचनें खोटीं आहेत, असें मात्र त्यांतून निष्पन्न झालें नाहीं. सरासरी घेऊन लहान केलेला आंकडाहि उपग्रहयुगांतील सर्वांत मोठ्या वादळाहून बराच मोठा राहतो.

तरीहि सुईच्या घसरणीवरून उपग्रहावर किती व्होल्ट चढतील हें सरळ गुणाकारानें काढतां येत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. सुई मुख्यतः जड कणांच्या कड्याची साक्ष देते. पृष्ठभाग भारतात ते दहावीस हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे इलेक्ट्रॉन. ते वादळाच्या पोटांतील लहान लहान उसळ्यांनीं येतात, आणि कधीं कधीं सामान्य रात्रींहि पुरेसे येतात. म्हणून गणित मांडणारे शास्त्रज्ञ आतां दोन्ही बाजूंनीं चालले आहेत. एकीकडे उपग्रहांनीं मोजलेल्या कणांची आंकडेवारी वाढवून तिच्यावरून शतकांतून एखाद्या वेळीं येणारी स्थिति किती तीव्र असेल तें अनुमानावयाचें. दुसरीकडे १८५९ सारखा सौरवारा संगणकांत पृथ्वीवर सोडून कवचांत किती व कसले कण शिरतात तें पाहावयाचें, आणि त्या संगणकांतील मुंबईची सुई कुलाब्याच्या वहीप्रमाणें हलते कीं नाहीं याची परीक्षा घ्यावयाची. या दुसऱ्या मार्गावर कुलाब्याच्या वहीखेरीज दुसरी तितकी चांगली कसोटी नाहीं. जी कल्पना त्या सकाळची घसरण आणि तिच्यामागून आलेली झटपट चढण दोन्ही दाखवूं शकत नाहीं, तिच्या भविष्यावर कोट्यवधि रुपयांचा उपग्रह कोण विसंबून ठेवील?

भारताचे स्वतःचे दळणवळणाचे व हवामानाचे उपग्रह आतां त्याच उंचीवर उभे आहेत, जेथें एकेकाळीं एटीएस-६ उभा होता. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेंत सौरपट्टांचे तुकडे निर्वात टाकींत ठेवून त्यांवर ठिणग्या केव्हां उडतात याचे प्रयोग झालेले आहेत. कांचेवर वीज वाहून नेणारा पातळ लेप देणें, पांघरुणाचा प्रत्येक पदर सांगाड्याला जोडणें, अशा उपायांनीं उपग्रहाचे सर्व भाग निदान एकमेकांशीं समान राखले जातात. अक्कलकोट रस्त्यावरील मागाचा सांगाडा जमिनीला जोडतात तसाच हा प्रकार, फक्त जमीन वगळून. आणि सूर्याकडे पहारा ठेवण्यासाठीं आदित्य-एल१ हें यान २ सप्टेंबर २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालें. त्यावरील सौरवाऱ्याचे कण मोजणारीं यंत्रें व पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेंत घडविलेली दुर्बीण पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवर काम करीत आहे. प्रयाणाची तारीख कुलाब्याच्या वादळाचीच पडली, हा निव्वळ योगायोग.

अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे, व तेथील सुईची नोंद आतां यंत्रच करतें.